लोकभाषेतील जोर आणि आपले दप्तर

(देऊळगाव राजा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



बालाजीच्या या नगरीत लोकभाषेविषयी बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद वाटतो. हे गाव दोन बोलींच्या वेशीवर वसले आहे. एकीकडे वऱ्हाड, दुसरीकडे जालन्याचा मराठवाडा. १९५६ पर्यंत येथे दोन राज्यांची सीमा होती. बोली मात्र सीमेपाशी थांबत नाहीत.

आज मी बोलणार आहे ते जोर देणाऱ्या शब्दांविषयी. आपण लिहिताना 'फार', 'पुष्कळ', 'निव्वळ' असे लिहितो. घरी आणि शेतात तेच 'लय', 'मोप', 'निरा' असे ऐकू येते. या शब्दांना आपण अशुद्ध किंवा ग्राम्य ठरवतो. वास्तविक ती बोलणाराची मापे आहेत. 'लय' अपुरे पडले की 'लयच' येते आणि त्याही पुढे 'लय म्हंजे लयच'. कोरडी विहीर वेगळी आणि कोरडीठाक वेगळी. सदरा पांढराशुभ्र असतो, पण भ्यालेला माणूस पांढराफटक पडतो. म्हणजे या शब्दांतून केवळ प्रमाण नव्हे, तर बोलणाराचे मनही कळते.

आता कल्पना करा. ग्रामसभेत एक भगिनी उठून म्हणते, "पानी लय म्हंजे लयच कमी झालं, इहीर कोरडीठाक पडली." इतिवृत्तात नोंद होते, "पाणीटंचाईबाबत चर्चा झाली." वाक्य शुद्ध झाले, परंतु टंचाईची तीव्रता गळून पडली. वरच्या कार्यालयात हा कागद वाचणाऱ्याला त्यात घाई दिसत नाही. 'लय' ही संख्या नव्हे, हे खरे. पण संख्या कोठे विचारावी, हे तो शब्द सांगतो. असा शब्द कानी पडताच पुढचा प्रश्न विचारावा: दिवसाला किती हंडे मिळतात? विहीर केव्हापासून कोरडी आहे? पाणी किती अंतरावरून आणता? उत्तरे आकड्यांत लिहावीत आणि त्या भगिनीचे शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यावेत.

शिक्षकबंधूंनाही एक विनंती आहे. मुलाने "लय पाऊस पडला" असे लिहिले, तर त्यावर लाल रेघ ओढू नये. शेजारी 'अतिशय' लिहून कोणता शब्द कोठे शोभतो, हे त्याला समजावून द्यावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी, असे म्हटले आहे. या मुलाची मातृभाषा म्हणजे त्याच्या घरची ही बोलीच होय. त्याचा शब्द खोडला, तर तो लिहिणेच सोडून देईल.

या बोलीला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' वऱ्हाडातील रिद्धपूरचा. त्याचे संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते याच बुलढाणा जिल्ह्याचे सुपुत्र. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० च्या कादंबरीतील माणसे वऱ्हाडीच बोलतात.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभारात आली. ती केवळ आदेश देण्यासाठी नाही, गाऱ्हाणे ऐकून घेण्यासाठीही आहे. ते ऐकताना त्यातील जोर आपल्या दप्तरात उतरावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!