दुखणं कुठे, औषध कुठे?

२०१९ साली माझा दहा वर्षं जुना लॅपटॉप फार रखडू लागला. मुलीचा अभ्यास त्यावरच चाले. फीचे हप्ते सुरू असल्यानं नवा घेणं शक्य नव्हतं. मनात आलं, प्रोसेसरच बदलावा. त्या काळच्या ‘कोअर टू ड्युओ’ लॅपटॉपमध्ये तो बहुधा सॉकेटमध्ये बसवलेला असे. मात्र नवा प्रोसेसर त्याच सॉकेटचा हवा, बायोसनं तो ओळखायला हवा, शिवाय त्याची उष्णता पंख्याला झेपायला हवी. दुरुस्तीवाल्यानं आधी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, हार्डडिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली! एसएसडी बसवली, पंख्यातली धूळ काढली आणि लॅपटॉप मार्गी लागला. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच डाख देऊन जोडलेला असतो. तेव्हा खिशात हात घालण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे, ते पाहा.