मधलं पद काय सांगतं?

आजचा एपिसोड वही-पेन घेऊन ऐकायचा आहे. बसमध्ये असाल तर फोनमधलं नोट्स ॲप उघडा. विषय शाळेतलाच: वर्ग त्रिपदीचे अवयव कसे पाडायचे. बोलताना मी एक्स म्हणतोय, खाली लिहिताना क्ष लिहिलंय.

या धड्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. "बाकीच्यांना ते दोन आकडे लगेच दिसतात, मला सुचतच नाहीत." आणि तेवढ्यावरून माणूस ठरवून टाकतो की गणित आपल्यासाठी नाही. आज मला एवढंच सांगायचंय की इथे काही सुचावं लागत नाही. लागणारी सगळी माहिती त्रिपदीतच दिलेली असते.

सोप्यापासून सुरू करू. क्ष² + ५क्ष + ६. आपल्याला हे (क्ष + म)(क्ष + न) असं हवंय. कंस सोडवून बघा: क्ष² + (म + न)क्ष + मन. म्हणजे मधल्या पदात दोन आकड्यांची बेरीज बसलीय आणि शेवटच्या पदात गुणाकार. बेरीज ५, गुणाकार ६, आकडे २ आणि ३. उत्तर (क्ष + २)(क्ष + ३).

आता जरा जड उदाहरण घेऊ: ६क्ष² + ७क्ष − २०.

पायरी १. पहिला सहगुणक गुणिले शेवटचं पद: ६ × (−२०) = −१२०. म्हणजे गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येईल असे दोन आकडे हवेत. शाळेत इथे आपण १२० च्या जोड्या मांडतो. त्या आठ निघतात, वर अधिक-उण्याचा घोळ वेगळाच. आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ.

पायरी २. बेरीज निम्मी करा: ३.५. ही त्या दोन आकड्यांची सरासरी. म्हणजे एक आकडा ३.५ च्या जितका पुढे, दुसरा तितकाच मागे. त्या अंतराला द म्हणू. आकडे झाले ३.५ + द आणि ३.५ − द.

पायरी ३. त्यांचा गुणाकार १२.२५ − द², आणि तो −१२० हवा. म्हणून द² = १३२.२५, द = ११.५. आकडे मिळाले १५ आणि −८. अंदाज कुठेच लावला नाही.

पायरी ४. मधलं पद फोडा: ६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०. पहिल्या जोडीतून ३क्ष बाहेर काढा, दुसरीतून −४: ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५). दोन्हीकडे कंस सारखाच आला. उत्तर (२क्ष + ५)(३क्ष − ४).

पायरी ५, पडताळा. क्ष = १ ठेवा. मूळ राशी ६ + ७ − २० = −७. अवयव ७ × (−१) = −७. जुळलं. एका किमतीवरून सिद्ध होत नाही, पण चिन्हाची चूक बहुतेक वेळा इथेच पकडली जाते.

ही निम्मं करायची युक्ती बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरच्या गणितांमध्येही सापडते. २०१९ मध्ये पो-शेन लोह या अमेरिकन गणितज्ञानं ती वर्गसमीकरणांसाठी पुन्हा लोकप्रिय केली.

आता क्ष² + २५क्ष + १२० घ्या. जोड्या शोधून थकाल. त्यापेक्षा आधी विवेचक काढा, म्हणजे ब² − ४अक: ६२५ − ४८० = १४५. १२ चा वर्ग १४४, १३ चा १६९. १४५ पूर्ण वर्ग नाही, म्हणजे पूर्णांकांत अवयव पडतच नाहीत. इथे तुमचं डोकं कमी पडत नाहीये, तिथे सापडण्यासारखं काही नाहीच. प्रोग्रॅम लिहिताना लूप कधी थांबवायचा हे जसं आधी ठरवावं लागतं, तसंच हे.

मधल्या पदाची खरी किंमत आपल्या फोनमध्ये कळते. गुणाकार २२१, बेरीज ३० दिली, तर निम्मे १५, २२५ − २२१ = ४, द = २. आकडे १३ आणि १७. आता बेरीज लपवा आणि २२१ ऐवजी ६१७ अंकी संख्या द्या. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची १९७७ सालची आरएसए पद्धत यावरच उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांना उघड, बेरीज मात्र गुप्त. ती बेरीज कुणाला कळली, तर आपल्या याच पायऱ्यांनी कुलूप उघडेल. परीक्षेच्या पेपरात मात्र ती बेरीज तुमच्या समोर छापलेली असते.

जाता जाता गृहपाठ: १०क्ष² − क्ष − २१. आधी विवेचक, मग पायऱ्या, मग पडताळा. उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!