चाड्यावरची मूठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल लुधियानास गेली होती. तेथील पंजाब कृषी विद्यापीठाच्या आवारात जुन्या ग्रामजीवनाचे संग्रहालय आहे. मुलकी सेवेतून आलेले तत्कालीन कुलगुरू डॉ. मोहिंदरसिंग रंधावा यांच्या कल्पनेतून उभे राहिलेले हे संग्रहालय १९७४ साली खुले झाले. त्याच वर्षी मोहालीस देशी आराखड्याचा ‘स्वराज’ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. नवे अवजार शेतात उतरत असतानाच जुने जपून ठेवण्याची ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटली.

लाकडी नांगरापाशी आम्ही रेंगाळलो. पूर्वी पंजाबात नांगरालाच नळी बांधून तीतून तासात बी सोडीत. या पद्धतीस ‘पोरा’ म्हणतात. ते ऐकून माझ्या कन्येने विचारले, “बाबा, आपल्याकडे कसे पेरीत?”

मी पाभरीचे वर्णन करू लागलो. बैलांनी ओढायची चार फणांची पाभर. वर लाकडी चाडे. त्यातून नळ्यांवाटे बी फणांमागे मातीत पडते. सारे कसब चाड्यावरच्या मुठीचे! बोटांतून बी दाट सुटले तर रोपांची दाटी, विरळ सुटले तर रान मोकळे. आमच्या घरी ती मूठ आईची असे.

“मग ती पाभर आता कोठे आहे?”

मी निरुत्तर झालो. वडील निवर्तल्यावर चुलतभावाने पत्राने विचारले होते, “गोठा पाडावयाचा आहे, पाभरीचे काय करू?” कचेरीतल्या सवयीने मी एका ओळीत कळविले, “निरुपयोगी असल्यास जळणास वापरावी.” आयुष्यात हजारो नस्तींवर शेरे मारले, तेवढा एक मात्र परत घ्यावासा वाटतो.

मंडळाने संग्रहालय उभारावे, असे मी म्हणत नाही. एक वही मात्र ठेवावी. तीत आपापल्या गावच्या अवजारांची व त्यांच्या भागांची नावे, आणि ती कोणाच्या हाती असत, हे लिहावे. लाकूड जळाले तरी शब्द अजून वडीलधाऱ्यांच्या मुखी आहेत. आपली मुले परप्रांती वाढतात. त्यांच्या कानी ते आपणच घातले पाहिजेत.

पहिले पान मी लिहिले आहे. आईने दूरध्वनीवर सांगितले, मी उतरवून घेतले. दुसरे पान आपण लिहावे, एवढीच विनंती.