कोपीवरची मुलगी पुस्तकात कुठे आहे?



चिऊ-काऊची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे. काऊ दाराबाहेर पावसात भिजत उभा. चिऊ आत बाळाला न्हाऊमाखू घालण्यात गुंतलेली. घरकाम बाईचे, हा धडा मुलीला शाळेत जाण्यापूर्वीच असा मिळतो.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. ते स्वागतार्हच आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक.

पण आमच्या हिंगोलीतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलीचे काय? तिची आई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. मुकादमाच्या वहीत मात्र नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती. नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, भाकरी थापते. तिच्या श्रमाची तर कोणत्याच वहीत नोंद नाही. जुन्या गोष्टींत मुलगी आईला मदत करी, नव्या गोष्टींत ती वैमानिक होते. आनंद आहे! कोपीवरची मुलगी मात्र दोन्हींत सापडत नाही. मध्यमवर्गीय स्वयंपाकघर सुधारले की समता आली, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथे.

एका कोयत्यात माणसे किती, आणि मजुरी कोणाच्या हाती, हे उदाहरण गणिताच्या पुस्तकात घालावे, अशी मागणी आपण बालभारतीकडे करावी. हंगामी वसतिगृहांतल्या मुलींना ते आधी सोडवू द्यावे.