वही कुठे ठेवायची?

(चेंबूर येथे वस्त्यांमधील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'लिहिण्याची आवड आणि आपण' असा विषय मला दिला आहे. घाटले, लाल डोंगर, सिद्धार्थ कॉलनी, वाशीनाका, माहूल इथून तुम्ही आला आहात. बऱ्याच जणींनी पन्नाशी ओलांडली आहे. बैठक संपल्यावर मागे रेंगाळून, "ताई, शाळेत असल्यापासून मला लिहायची आवड आहे, पण आता या वयात काय!" असं हळूच सांगणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. आवाज असा खाली, की जणू गुन्हाच कबूल करायचा आहे. म्हणून 'या वयात' याच शब्दांपासून सुरुवात करू या.

बायका उशिरा लिहायला लागतात असं आपण म्हणतो. हे खरं आहे का?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं उदाहरण घ्या. जन्म १९२९ चा, शिक्षण चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी. नवराबायको मिळून छोटं दुकान चालवत. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली. नवरा दुकानात नसला की त्या लिहीत आणि लिहिलेलं दडवून ठेवत. एक-दोन महिने नव्हे, तब्बल वीस वर्षं! फलटणला राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते कागद बाहेर आले. १९८२ साली 'स्त्री' मासिकात ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं.

छापून आलं तेव्हा बेबीताईंचं वय त्रेपन्न. वाचणारा म्हणेल, उशिरा सुरुवात केली. पण वीस वर्षं मागे जा. लेखन तिशीतच सुरू झालं होतं. उशीर झाला तो कागद दडवणीतून बाहेर यायला. त्या पुस्तकाचं नाव पाहा. 'माझं' नाही, 'आमुचं'. सगळ्या समाजाचं जिणं त्यांनी मांडलं. स्वतःच्या संसारातल्या मारहाणीबद्दल मात्र त्या मोकळेपणी बोलल्या ते नंतर, माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. ती मुलाखत २००८ सालच्या इंग्रजी अनुवादात आहे. म्हणजे पुस्तक छापून नाव झालेल्या बाईलाही सगळं एकदम सांगता आलं नाही. हे लक्षात ठेवू या.

सोलापूर जिल्ह्यातल्या शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. १९८१ साली निवृत्त झाल्या आणि मग त्यांनी आत्मकथन लिहायला घेतलं. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढे १९९० साली 'नाजुका' या मालिकेतून ती दूरदर्शनवर घराघरांत पोहोचली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा, म्हणजे त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षीचा. टिळक तर १९१९ मध्येच गेले होते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मधल्या, न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आलेल्या. या दोघींना नवऱ्यांनी स्वतः शिकवलं होतं, तरीही आठवणींचं पुस्तक आलं ते वैधव्यात.

एकीला निवृत्तीने वेळ दिला, दोघींना एकटेपणाने. याचा अर्थ नवरा जाईपर्यंत थांबा असा नाही! अर्थ एवढाच, की आवड होतीच, नव्हता तो स्वतःचा वेळ.

आणि लवकर लिहिणाऱ्यांचं काय झालं? पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदया'त छापून आला. इतकी धारदार मुलगी! पण त्यानंतरचं तिचं लेखन आपल्या हाती नाही. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं. त्यांचंही तेवढं एकच पुस्तक आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा 'बाई केव्हा लिहू लागली' याइतकाच 'ती का थांबली' हाही प्रश्न विचारायला हवा.

आता आमच्या कामाबद्दल. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला केस लिहायला शिकवतात. नाव, वय, लग्नाचं वर्ष, मुलं किती, तक्रारीचं स्वरूप. हे लागतंच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं, तर कागद नेमका हवा. पण बाई सांगते, "त्याने ताट भिरकावलं आणि मी भात वेचत बसले, सकाळी तांदूळ कुठून आणू?" कागदावर येतं, "पती शिवीगाळ व मारहाण करतो." अर्जाला ते पुरतं. भात वेचणारी बाई मात्र त्यातून गळून जाते. ती पुन्हा आणायची तर तिनेच लिहायला हवं. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी लिहून ते होणार नाही.

शिवाय आम्ही तिला नेहमी दुःखच विचारतो. तिला कदाचित माहेरची भातलावणी लिहायची असेल, किंवा खाडीवरची पहाट. तोही तिचा हक्क आहे.

काही कार्यकर्त्या विचारतील, पाणी, रेशन, घर हे प्रश्न असताना हे कुठलं फॅड? मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगावी, वस्तीवस्तीत फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. ते काम झालं नसतं, तर मोर्चे निघाले, परिषदा झाल्या एवढंच उरलं असतं. त्यात बायका कोण होत्या, मुलं कुणापाशी ठेवून आल्या, हे कळलं नसतं. आपल्या वस्तीत पाण्यासाठी हंडे घेऊन कोण कोण बसल्या होत्या, हे उद्या कोण सांगणार? लढा आणि लेखन यांत आधी-नंतर लावू नका.

म्हणून प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं.

पहिली, जागा. मारहाण होते त्या घरात वही सापडणं धोक्याचं असतं. गटाच्या कार्यालयातलं एक कुलपाचं कपाट वह्यांसाठी द्या. जिची वही तिनेच काढावी. तिच्या परवानगीशिवाय कोणी वाचू नये, आमच्यासारख्यांनी तर नाहीच.

दुसरी, वेळ. महिन्याच्या बैठकीत अर्धा तास लिहिण्यासाठी. तोही बचतीच्या हिशोबाआधी. नंतर ठेवला तर नळाची वेळ होते आणि सगळ्या उठतात.

तिसरी, ऐकणारी मैत्रीण. ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी नको, "मग पुढे काय झालं?" विचारणारी हवी. शुद्धलेखन नंतर पाहता येतं. आपल्या घरात बोलतो ती भाषा कागदावर चालेल का, ही शंका तर सोडूनच द्या. शांताबाईंनी पुस्तकाच्या नावातच 'माज्या जल्माची' लिहिलं.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनीही मागे राहू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. गाणी इतरांनी टिपून घेतली आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती पुस्तकात आली. आज फोनवर मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, किंवा आवाज तसाच ठेवता येतो. नातीला हाताशी धरा. पण नाव तुमचंच राहू द्या.

आणि छापून येणं ही अट मानू नका. वही भरली, एकीने ऐकली, तरी ते लेखनच. छापायचं ठरलं तर घरातल्या, शेजारच्या माणसांची नावं बदलायची का, हे गटात बसून ठरवा. निर्णय मात्र जिचं लेखन तिचा.

बेबीताईंना वीस वर्षं कागद दडवावे लागले. आपल्या गटातल्या बाईवर ती पाळी येऊ नये, एवढं तर आपण करू शकतो. पुढच्या बैठकीला येताना हजेरीच्या वहीबरोबर दोन कोऱ्या वह्या आणा. एक तुमच्यासाठी, दुसरी मागे रेंगाळणाऱ्या त्या मैत्रिणीसाठी.