बसलेली घडी आणि पुढचे पाऊल



'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. लहान व्यवसाय करणाऱ्या माणसाला तर ती पाठच असते. खेड्यातील सुतार-लोहार, पिठाच्या गिरणीचा मालक, तालुक्याच्या गावी मोटारपंप दुरुस्त करणारा कारागीर, घरी पापड-लोणची करून विकणारी गृहिणी या सर्वांनी ठराविक गिऱ्हाईक, ठराविक माल आणि ठराविक मिळकत यांची एक घडी बसविलेली असते. ही घडी कष्टाने बसलेली असते. म्हणून ती विस्कटण्याची भीती वाटणे यात भित्रेपणा मुळीच नाही. म्हणीतले शहाणपणही खोटे नाही. तथापि अंथरूण कधी वाढवूच नये, असे त्या म्हणीत कोठेही सांगितलेले नाही.

व्यवसाय लहान राहतो, याची कारणे सामान्यतः भांडवलाचा अभाव, बाजारपेठेचा अभाव आणि तांत्रिक ज्ञानाचा अभाव अशी सांगितली जातात. ती खरीच आहेत. परंतु या तिन्ही गोष्टी काही प्रमाणात उपलब्ध असूनही अनेक व्यवसाय वर्षानुवर्षे एकाच जागी थांबलेले दिसतात. अंगवळणी पडलेले काम सोडून अनोळखी कामात हात घालण्याची मनाची तयारी होत नाही, हे त्यामागील कारण होय. ही तयारी कशी होते, ती करताना कोणती पथ्ये पाळावी लागतात आणि समाजाने व शासनाने त्यात कोणता वाटा उचलावा लागतो, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एका परिचित चरित्राकडे वळणे उद्बोधक ठरेल. ते चरित्र म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना ओढ होती चित्रकलेची. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, असे तेथे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवू लागले. नियमित वेतन, प्रतिष्ठेचा पेशा आणि मुंबईतील वास्तव्य अशी ही नोकरी होती. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला यापलीकडे काही मागावयाचे नसे.

किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून मोजला जातो. तो सायकलींपासून झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, बेळगावात त्या विकीत, दुरुस्त करीत व लोकांना चालविण्यास शिकवीत. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. लक्ष्मणरावांनी पहिल्याच दिवशी नोकरीचा राजीनामा दिला नाही. एक भाऊ वेतनावर आणि दुसरा दुकानावर अशी त्यांची मांडणी होती. दुकान उभे राहीपर्यंत नोकरीचा आधार कायम ठेवण्यात आला. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा मात्र त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावचा रस्ता धरला. अपमानाने निर्णयाला निमित्त दिले. परंतु त्या निर्णयामागे आधीच उभे केलेले दुकान होते, म्हणून तो अविचार ठरला नाही.

सायकलींचा व्यापार चालू राहिला असता, तर किर्लोस्कर हे बेळगावातील एक सुस्थितीतील दुकानदार म्हणून ओळखले गेले असते. तथापि दुसऱ्याने केलेला माल विकणे आणि स्वतः माल घडविणे यांतील अंतर लक्ष्मणरावांना अस्वस्थ करीत असावे. भोवतालच्या शेतकऱ्याची गरज त्यांना दिसत होती. अखंड कडबा जनावरांपुढे टाकला की ती पाला तेवढा खातात आणि बुडखे टाकून देतात. त्यामुळे वैरण वाया जाते. यास्तव त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार करण्यास घेतले. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

या नांगराची कथा लहान उद्योजकाने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण ती उलथीत नाही. लोखंडी नांगराचा पाखा मातीचा थर उलटा करतो, त्यामुळे खोल मुळांचे तण वर येऊन वाळते. गुणाच्या दृष्टीने नव्या नांगरात खोट काढण्याजोगे काही नव्हते. असे असूनही नांगर खपेनात. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष उतरते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. तयार मालाची रास समोर पडलेली, त्यात पैसा अडकलेला, आणि गिऱ्हाईक दुरूनच पाहून निघून जाते, अशी ही दोन वर्षे होती. नव्या वाटेने जाणाऱ्याची खरी परीक्षा अशा काळात होते. पहिले पाऊल टाकण्यास उत्साह पुरतो. पुढचा काळ निभावण्यास मात्र शिदोरी लागते. किर्लोस्करांकडे कडबा-यंत्राचा धंदा ही ती शिदोरी होती. शेतकऱ्याच्या समजुतीला नावे ठेवण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. नांगराचे काम शेतात दिसू लागले, तसा समज मागे पडला आणि पुढे किर्लोस्करांचा नांगर हा दक्षिण महाराष्ट्रातील शेतीचा परिचित सोबती बनला.

धंद्याची घडी पुन्हा बसत आहे, तोच तिसरा प्रसंग ओढवला. बेळगाव शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. हे स्थलांतर लक्ष्मणरावांनी स्वेच्छेने पत्करलेले नव्हते. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जमीन देण्याची तयारी त्यांनी दर्शविली. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा तो माळ निवडुंगाने भरलेला आणि सापांसाठी प्रसिद्ध होता. १९१० साली मूठभर कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर आले. तेथे कारखान्याबरोबर घरे उभी राहिली, झाडे लागली, शाळा आली. त्या वसाहतीला 'किर्लोस्करवाडी' हे नाव मिळाले. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. शहरातील सोयी गमावल्या, हे खरे. परंतु वाढीला जागा मिळाली आणि मालाला रेल्वे मिळाली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारे लोखंड व कोळसा दुर्मिळ झाले. तेव्हा भट्टीसाठी लोणारी कोळसा वापरण्यात आला आणि कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफांच्या लोखंडातून नांगर घडले. या व्यवहारास शाहू छत्रपतींचा आश्रय लाभला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. नांगरानंतर उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने अशी मालिका तयार झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या कर्तृत्वाच्या काळात पुण्यात आणि बंगळूरमध्ये १९४६ साली नवे कारखाने निघाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा सायकलींच्या त्या दुकानाचा एका मोठ्या उद्योगसमूहात विस्तार झालेला होता.

या चरित्राचे सार काय? लक्ष्मणरावांनी वारंवार बसलेली घडी मोडली. परंतु एकदाही त्यांनी अंधारात उडी घेतली नाही. चित्राकडून आरेखनाकडे, आरेखनाकडून यंत्राकडे, सायकल दुरुस्तीकडून शेतीच्या अवजाराकडे जाताना प्रत्येक नवे पाऊल जुन्या विद्येला धरून होते. हाताला येत असलेल्या कामाला लगटून असलेले जे काम अद्याप येत नाही, ते शिकावे, असा त्यांचा क्रम दिसतो. चालताना एक पाय जमिनीवर असतो तेव्हाच दुसरा उचलला जातो. व्यवसायाच्या वाढीलाही हाच नियम लागू आहे.

एवढे मोठे उदाहरण पाहून एखाद्या गृहिणीला वाटेल की, हे कारखानदारांचे काम. आपला संबंध नाही. तिच्यासाठी दुसरे उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पापड लाटणे ही त्यांच्या अंगवळणी पडलेलीच कला होती. नवीन होते ते घराबाहेरच्या बाजारात उतरणे, हिशेब ठेवणे आणि तोट्याची जबाबदारी घेणे. पहिल्या वर्षी पावसाने पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडले. पुढील पावसाळ्यापूर्वी त्यांनी एक खाट व एक शेगडी घेतली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी व्यवस्था केली. काम सुरू राहिले. देणगी घ्यावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता. नफा आणि तोटा दोन्ही सभासद भगिनींनी वाटून घ्यावयाचे ठरले. 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने ही संस्था वाढली. १९६६ मध्ये तिला खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता लाभली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या संस्थेने वाढीसाठी लाटणे सोडले नाही, तर लाटणाऱ्या हातांची संख्या वाढविली. म्हणजे वाढ म्हणजे मोठे यंत्रच, असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. आपल्या व्यवसायाची कोणती भिंत ओलांडावयाची आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे. कोणाला नवा माल हवा असेल, कोणाला नवी बाजारपेठ, तर कोणाला केवळ चोख हिशेबाची सवय.

आता प्रश्न समाजाच्या व शासनाच्या वाट्याचा. किर्लोस्करांना औंधचा माळ मिळाला नसता, तर पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता. पाऊल उचलणाऱ्याला ते टेकविण्यास जागा लागते आणि ती देणे हे प्रशासनाचे कर्तव्य होय. लहान उद्योगाच्या मनात एक भीती नेहमी असते. मोठे झालो तर सवलती जातील, त्यापेक्षा लहानच राहावे, अशी ती भीती आहे. हा विचार निराधार नव्हता. त्या दृष्टीने १ एप्रिल २०२५ पासून वर्गवारीच्या मर्यादा वाढविण्यात आल्या. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपये व उलाढाल १० कोटी रुपये यांच्या आत असेल, तर उद्योग सूक्ष्म समजला जातो. २५ कोटी व १०० कोटी ही अनुक्रमे लघुउद्योगाची मर्यादा आहे. शिवाय वरच्या वर्गात गेलेल्या उद्योगास करेतर लाभ तीन वर्षे चालू ठेवण्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली. ही माहिती तालुक्याच्या कारागिरापर्यंत पोहोचली, तरच ती भीती ओसरेल.

दुसरी अडचण आहे थकलेल्या बिलांची. नवा माल करण्यासाठी साठविलेला पैसा गिऱ्हाइकाकडे अडकून पडला, तर धाडस करणार कोण? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास व्याज द्यावे लागते. कार्यालयाच्या टेबलावर एखादे बिल विनाकारण पडून राहते, तेव्हा एखाद्या कारागिराचे पुढचे पाऊल तेथेच थबकलेले असते, याचे भान अधिकारीवर्गाने ठेवावे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. गावात कोण काय घडवितो याची नोंद ठेवणे, रिकाम्या पडलेल्या इमारतीचा विचार करणे, जिल्हा उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्यास वर्षातून एकदा तरी ग्रामसभेत बोलावणे, आणि मुख्य म्हणजे गावातील पहिल्या नव्या मालाचे पहिले गिऱ्हाईक होणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. शिक्षकांचे काम याहूनही मूलभूत आहे. रंग न ओळखता येणाऱ्या विद्यार्थ्याला 'तुला चित्रकला जमणार नाही' एवढेच सांगणे पुरेसे नसते. त्याच्या हातातील रेषा ओळखणे आणि ती कोठे उपयोगी पडेल हे दाखविणे, हे खरे अध्यापन होय.

आणि ज्याने हे पाऊल टाकावयाचे, त्या व्यावसायिकाने? त्याने आधी आपली शिदोरी मोजावी. किती महिने माल खपला नाही तरी घर चालेल, हे कागदावर मांडावे. कर्ज काढताना घर आणि धंदा यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. जुने काम एकदम बंद करू नये. प्रथम थोडा माल करून तो आपल्याच पंचक्रोशीत वापरण्यास द्यावा, वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकावे आणि दोष दुरुस्त करावा. फसलेला प्रयोग वेळीच थांबविण्यात कमीपणा मानू नये. एवढी पथ्ये पाळल्यावर मात्र उंबरठ्यावर उभे राहून मुहूर्ताची वाट पाहू नये.

किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० साली निवडुंग होता. तो तोडणारे हात नांगर घडविणाऱ्या कामगारांचेच होते. असे माळ आजही प्रत्येक तालुक्यात आहेत आणि तसे हातही आहेत. त्यांची परस्परांशी गाठ घालून देणे, हे या सभागृहात आणि गावोगावच्या चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.