जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेक लायनरची पारख

बेळगाव शहराला लागून असलेले वडगाव दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. एक तेथील माग आणि दुसरी तेथील शिवारात पिकणारा सुवासिक बासमती तांदूळ. मागावर बसणारा विणकर सूत बोटांत धरताच त्याचा पीळ ओळखतो. शेतकरी तांदळाचा दाणा दाताखाली धरून त्याची प्रत सांगतो. परंतु हाच शेतकरी आपल्या जुन्या ट्रॅक्टरसाठी ब्रेकचे लायनर घ्यावयास शहरातील दुकानात जातो, तेव्हा त्याची ही पारख बहुधा उंबरठ्याबाहेरच राहते. स्वस्त कोणते आणि जास्त दिवस टिकणारे कोणते, एवढे दोनच प्रश्न तो विचारतो. ‘हे घ्या, झिजतच नाही,’ असे दुकानदाराने सांगितले की व्यवहार पुरा होतो. वास्तविक जे लायनर झिजतच नाही, त्याविषयी प्रथम शंका घ्यावयास हवी. कारण बेताने झिजणे हाच लायनरचा धर्म होय.

लायनरचे कार्य समजले, म्हणजे ह्या म्हणण्याचा अर्थ ध्यानात येतो. फिरणाऱ्या ड्रमवर किंवा डिस्कवर लायनर घासते आणि गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करते. ही झीज ड्रमची होऊ नये, बदलण्यास सोप्या व स्वस्त अशा भागाची व्हावी, एवढ्यासाठी लायनरची योजना आहे. लायनर वाजवीपेक्षा कठीण असेल, तर ते स्वतः टिकते खरे. पण ड्रमला चरे पाडते, किंवा त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन पकडच धरीत नाही. लायनरवर वाचवलेले पैसे मग ड्रमवर दुपटीतिपटीने खर्च होतात. याउलट लायनर फारच मऊ असेल, तर ते एका गळीत हंगामातच रिव्हेटपर्यंत येते.

ह्या वस्तूचा जन्म शेतकऱ्याच्याच गाडीशी निगडित आहे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखात उतारावरून येणारे गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचे चामडे ठोकीत असत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड ह्या गृहस्थाने १८९७ मध्ये अधिक चांगल्या अस्तराचा शोध आरंभिला आणि त्यातूनच पुढे ‘फेरोडो’ हे नाव जगभर गेले. ही आरंभीची अस्तरे मागावर विणलेली असत. सुती पट्टे डांबरात किंवा राळेत मुरवीत. पुढे ॲस्बेस्टॉसच्या धाग्यात पितळेची तार गुंफून पट्टे विणू लागले. म्हणजे वडगावच्या विणकरास हे लायनर अगदीच परके वाटावयास नको. पुढे विणकाम मागे पडले. आज धागे, धातूचा कीस, भुकटी आणि राळ यांचे मिश्रण उष्णतेने व दाबाने साच्यात घट्ट करून लायनर बनवितात. त्यामुळे त्याची जात बोटांना कळेनाशी झाली आहे. दोन लायनर दिसावयास सारखी. एक घाटात साथ देते, दुसरे देत नाही.

घाटाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. वडगावच्या काळ्या रानात चिखलणी करणारा ट्रॅक्टर हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढू लागतो. बेळगावहून संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्याकडे जावयाचे, तर वंटमुरीचा घाट लागतो; आणखी पुढे निपाणीच्या वाटेवर तवंदीचा घाट आहे. शेतात ताशी चार-पाच किलोमीटरच्या गतीने चालणाऱ्या यंत्राचे ब्रेक येथे खऱ्या कसोटीस लागतात. समजा, ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या मिळून १५ टन ओझे १०० मीटर उंचीवरून खाली आले. एवढ्या उतारात जी शक्ती मोकळी होते, तिने सुमारे ४५ लिटर थंड पाणी उकळीस येईल. त्यातील काही भाग इंजिन सोसते. उरलेला बराचसा लायनरच्या वाट्यास येतो. जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते केवळ मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांना नसतात आणि कित्येक ट्रॉल्यांनाही ते नसतात. सारा भार पडतो, तो तळहाताएवढ्या रुंदीच्या काही पट्ट्यांवर.

लायनर फार तापले, की त्यातील राळ करपू लागते, वायू सुटतो आणि पकड एकाएकी कमी होते. पायदान पूर्ण दाबलेले असते. परंतु गाडी थांबत नाही. माथ्यावर चांगले वाटणारे ब्रेक घाटाच्या मध्यावर दगा देतात, ते याच कारणाने. म्हणून लायनर निवडताना खरा प्रश्न हा, की तापल्यावर ते किती पकड ठेवते?

ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा लायनरच्या कडेवरच छापलेले असते. नामांकित उत्पादक आपले नाव, उत्पादनाचा तुकडी क्रमांक आणि दोन इंग्रजी अक्षरे तेथे छापतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील पकड दर्शविते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ एफ’ अशी अक्षरे असतील, तर लायनर गार असो वा गरम, त्याची पकड एकाच पायरीवर राहते, असे समजावे. ‘एफ ई’ असेल, तर तापल्यावर ती एक पायरी उतरते. अर्थात वरचे अक्षर दिसले, की ते घ्यावे, असाही ह्याचा अर्थ नव्हे. मूळ ट्रॅक्टरला जी पायरी नेमून दिली असेल तीच ठेवावी. वाजवीपेक्षा अधिक पकडीने चाक एकदम जाम होते. शिवाय ही अक्षरे टिकाऊपणाविषयी काहीच सांगत नाहीत. लायनरसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस २७४२ हे मानक आहे. त्याचा उल्लेख वेष्टनावर आहे काय, तेही पाहावे. ज्या लायनरवर नाव नाही, क्रमांक नाही आणि ज्याची पावतीही मिळत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी महागच समजावे.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरच्या जातीची. जुने ट्रॅक्टर सगळे एका साच्याचे नाहीत. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातील जुन्या ट्रॅक्टरांना मागील चाकांशी ड्रम असतो आणि त्यात फाकणारे शू असतात. इंटरनॅशनलच्या बी-२७५ ह्या जुन्या ट्रॅक्टरला कोरड्या डिस्कचे ब्रेक असतात. अलीकडच्या अनेक ट्रॅक्टरांत डिस्क तेलात बुडालेल्या असतात. कोरड्या ब्रेकचे लायनर तेलातील ब्रेकला किंवा तेलातील कोरड्याला चालत नाही. दोहोंचे मिश्रण निराळे असते. तेव्हा दुकानात केवळ कंपनीचे नाव सांगून भागत नाही. ट्रॅक्टरचा नमुना, त्याचे साल आणि काढलेला जुना शू किंवा जुनी डिस्क सोबत न्यावी. ड्रम पूर्वी लेथवर कातून घेतला असेल, तर त्याचा व्यास वाढलेला असतो. अशा वेळी नेहमीच्या जाडीचे लायनर पुरे पडत नाही, थोडे जाड घ्यावे लागते. ड्रमने ठरलेली मर्यादा ओलांडली असेल, तर मात्र नवाच ड्रम बसविणे हिताचे.

लायनर हाती आल्यावर काही गोष्टी डोळ्यांनीच पाहता येतात. जाडी सर्वत्र सारखी असावी. कडा तुटलेल्या नसाव्यात, पदर सुटलेले नसावेत, बारीकशीही भेग नसावी. रिव्हेटची भोके स्वच्छ, एका खोलीची आणि तळाशी सपाट असावीत. लायनर शूवर ठेवून दाबले असता मध्ये किंवा टोकांशी फट राहू नये; फट राहिली, की उष्णता शूमध्ये उतरत नाही आणि लायनर तडकते. रिव्हेट पितळेचे किंवा तांब्याचे असावेत, मधल्या भोकापासून टोकांकडे ठोकीत जावेत आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या पुरेशी खाली राहावीत.

परंतु उत्तम लायनरही वाया जाते, ते जुन्या दोषामुळे. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी वडगावच्या शिवारात पसरते. त्या चिखलपाण्यात चालून ॲक्सलचे ऑईल सील खराब होते आणि तेल लायनरवर उतरते. तेलाने माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळावर धरून पुन्हा बसविण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. तो सर्वथा सोडून द्यावा. आत मुरलेले तेल ताप लागताच पुन्हा वर येते. आधी सील बदलावे, मग लायनर. आणि बदलावयाचे, तर दोन्ही चाकांचे एकाच वेळी व एकाच जातीचे. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने लायनर असेल, तर ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो.

येथे मेस्त्रीच्या जिवाचाही विचार करावयास हवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा पुष्कळ संभव असतो. त्याच्या सूक्ष्म धाग्यांनी फुप्फुसाचे असाध्य रोग व कर्करोग होतात आणि ते दिसू लागण्यास कित्येक वर्षे जातात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांस आदेश दिला, की कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे ठेवावी. गावातील गॅरेजात अशी नोंद कोण ठेवणार? तेथे ड्रम उघडला, की हवेच्या नळीने धूळ उडविली जाते आणि शेजारी उभा असलेला शिकाऊ पोरगा ती श्वासाबरोबर आत घेतो. ड्रममधील धूळ कधीही फुंकरीने वा हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. नवे लायनर ॲस्बेस्टॉसरहित आहे, असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असेल तेच घ्यावे. थोडी अधिक किंमत पडली, तरी ती त्या पोराच्या श्वासाची किंमत होय.

लायनर बसविल्यावर लगेच ट्रॉली जोडू नये. प्रथम रिकामा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर चालवून पुनःपुन्हा हलके ब्रेक लावावेत आणि मध्ये ते थंड होऊ द्यावेत, म्हणजे लायनर ड्रमला सर्वांगाने लागते. नंतर दोन्ही पायदानांची मोकळी चाल सारखी करावी आणि मातीच्या वाटेवर थांबवून दोन्ही चाकांच्या घसटीचे माग समान उमटतात काय, ते पाहावे. शेतात वळण घेण्यासाठी सुटी केलेली पायदाने रस्त्यावर येताच कडीने जोडावीत. ती सुटी राहिली, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटण्याचे भय असते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा आणि डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये. इंजिनाने निम्मा भार उचलला, तरच लायनर आपला अर्धा भार नेटाने पेलू शकते.

उसाच्या भरल्या ट्रॉलीवर कधी ऊसतोड करणाऱ्याचे बिऱ्हाडच बसलेले असते. मागून शाळेची मुले सायकलवरून येत असतात. ट्रॅक्टर जुना आहे, त्याचा रंग उडाला आहे, त्याचे पत्रे वाजतात, ह्याने फारसे बिघडत नाही. जुने यंत्र नेकीने राखले, तर अनेक वर्षे उपयोगी पडते. परंतु त्याच्या ब्रेकमध्ये काय बसविले आहे, हे त्या बिऱ्हाडाला किंवा त्या मुलांना पाहता येत नाही. ते केवळ मालकाच्या पारखीवर विसंबलेले असतात. सुताची आणि तांदळाची पारख ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या गावाला ही नवी पारख कठीण जाण्याचे कारण नाही.